हात पोचतो का, ते आधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या केबिन बोटींवरचा लेख वाचला. लेखकाचा उत्साह मनापासूनचा आहे आणि फोटोही सुरेख आलेत. पण चारही फोटो केबिनचे: गाद्या, पडदे, छोटासा ओटा, उघडी खिडकी. इंजिनखान्याचा एकही नाही. मजकुरातही इंजिनाच्या वाट्याला दोनच वाक्यं आलीत, ‘इंजिन कमी तास चाललेलं असावं’ आणि ‘वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करावं’. माझी उभी हयात बोटींची इंजिनं खोलण्यात आणि बसवण्यात गेली. आता निवृत्त झालोय, तरी ओळखीपाळखीतले लोक ‘एकदा नजर टाका’ म्हणून जुन्या बोटी बघायला घेऊन जातात. तेवढ्या अधिकारावर हे पत्र लिहितोय. लांबलंय, कात्री चालवायला हरकत नाही. फक्त पेट्रोलच्या वाफेचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा भाग कापू नका.

सहा ते आठ मीटरच्या बोटीत झोपायला जागा, शेगडी, बेसिन आणि टॉयलेट बसवायचं म्हटलं की ती जागा कुठून तरी काढावी लागते. ती इंजिनाच्या भोवतालची निघते. बोट दाखवायला ठेवली की गिऱ्हाईक केबिनमध्ये डोकावतं आणि उभं राहता येतं का ते बघतं. इंजिनाच्या डाव्या अंगाला हात जातो का, हे कुणी बघत नाही. म्हणून जुनी बोट बघायला गेलात तर किंमत विचारण्याआधी जुने कपडे घाला, विजेरी घ्या आणि सरळ पालथे पडा. पाणी ओढणारा पंप, ऑइल फिल्टर, इंधनाचा फिल्टर, बॅटरीचे टर्मिनल, बिल्जपंप (बिल्ज म्हणजे बोटीचा तळ, तिथे साचलेलं पाणी हा बाहेर फेकतो) आणि बुडातून पाणी आत घेणारा प्रत्येक कॉक, या सगळ्यांना पान्हा धरलेला हात लागला पाहिजे. जिथे हात पोचत नाही तिथे देखभाल होत नाही. आधीच्या मालकाने केलेली नसते, आणि तुम्हीही करणार नाही. उन्हात घामाघूम होऊन, बरगड्या फळीत रुतवून, अंदाजाने स्क्रू फिरवायचा उत्साह पहिल्याच हंगामात संपतो.

मागे एका जोडप्याबरोबर अशीच एक साडेसात मीटरची बोट बघायला गेलो होतो. विकणारे गृहस्थ सज्जन होते, खोटं काही बोलत नव्हते. मी म्हटलं, बाहेरचं पाणी ओढणारा पंप कुठे आहे तेवढं दाखवा. आधी गादी उचलली, मग प्लायची फळी, फळीखाली पिण्याच्या पाण्याची टाकी. टाकी सरकवल्यावर इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी मनगट कसंबसं जाईल एवढी फट दिसली. पंपाच्या झाकणाच्या दोन स्क्रूंची खाच कुणीतरी कधीतरी झटापट करून पार खाऊन टाकलेली. म्हणजे प्रयत्न झाला होता, तो सोडून दिला होता. झाकण निघालं तेव्हा आतला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चक्र, एका बाजूला कलून कडक झालेला, आणि त्याच्या तीन पाती मुळापासून तुटलेल्या. पंपात त्या पाती नव्हत्या. त्या पाण्याबरोबर पुढे गेल्या होत्या आणि इंजिनाची उष्णता बाहेरच्या पाण्याला देणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी बारीक नळ्या अडवून बसल्या होत्या. ‘पण इंजिन कधी गरम होत नाही हो,’ गृहस्थ म्हणाले. खरं होतं ते. अर्ध्या थ्रॉटलच्या वर ते बोट नेतच नव्हते.

हा इम्पेलर साधा रबराचा, तळहातावर मावेल एवढा. दर वर्षी बदलावा, एक जादा बोटीत ठेवावा. पाण्याशिवाय इंजिन चालवलं तर मिनिटा-दोन मिनिटांत जळतो. आणि पाती तुटल्या असतील तर नवा बसवून भागत नाही, जुन्या पातींचा प्रत्येक तुकडा शोधून काढावा लागतो. ज्या बोटीत हे काम बसल्या जागी, पंधरा मिनिटांत उरकतं, ती बोट जुनी असली तरी माझ्या लेखी चांगली.

आता ‘कमी तास’. वीस वर्षांच्या बोटीच्या इंजिनावर दोनशे तास दिसले की घेणारा खूश होतो. मला काळजी वाटते. दोनशे तास चाललं म्हणजे बाकीची वर्षं ते ओलसर बंद खणात नुसतं पडून होतं. सील वाळतात, सिलिंडरच्या भिंतींना गंज धरतो, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटं होऊन तळाला बसतं. नेमकी तिथेच इंधन ओढणारी नळी असते. नेमाने वापरलेलं, हजार तासांचं, नोंदवही ठेवलेलं इंजिन मी डोळे झाकून घेईन असं नाही म्हणत, पण या पडून राहिलेल्यापेक्षा आधी त्याच्याकडे बघेन.

इंजिन खाऱ्या पाण्यावर थेट थंड होणारं असेल तर एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड आणि रायझर, म्हणजे धूर बाहेर नेणारे जाड नळ, कधी बदलले, हे आधी विचारा. ओतीव लोखंडाचे हे भाग आतून गंजत जातात, बाहेरचा रंग मात्र छान असतो. खाऱ्या पाण्यात त्यांचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षांचं. आतली भिंत फुटली की एक्झॉस्टमधलं पाणी उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दबत नाही, त्यामुळे स्टार्टर मारल्यावर कनेक्टिंग रॉड वाकतो. विकणाऱ्याकडे बदलल्याची पावती नसेल तर बदललेले नाहीत असंच धरा आणि किमतीत तेवढं कमी करून मागा.

तपासणीच्या दिवशी ‘मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका’ असं बजावून ठेवा. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनावर हात ठेवून बघणं. कोमट लागलं तर कुणीतरी आधी चालवून घेतलंय, आणि त्याला काहीतरी कारण असतं. थंड इंजिन कसं सुरू होतं त्यावरून अर्धं कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. पांढरा धूर सुरुवातीला थोडा आला तर घाबरू नका, थांबायचं नाव घेत नसेल तर पाण्याचा संशय घ्या. मग पाण्यावर नेऊन पूर्ण थ्रॉटल द्या आणि बनवणाऱ्याने सांगितलेला आरपीएम गाठतो का बघा. नाही गाठला तर बुडाला शेवाळ आणि शिंपले असतील, प्रोपेलर चुकीचा असेल, किंवा इंजिनात दम उरलेला नसेल. पहिल्या दोन गोष्टी स्वस्तात सुटतात, म्हणून विकणारा नेहमी त्याच सांगतो.

स्टर्नड्राइव्हविषयी लेखात अवाक्षर नाही, आणि जुन्या छोट्या केबिन बोटींमध्ये तीच जास्त दिसते. व्होल्वो पेंटाने १९५९ साली ॲक्वामॅटिक बाजारात आणली तेव्हापासून ही रचना लोकप्रिय झाली: इंजिन बोटीच्या आत, मागच्या टोकाला, आणि गिअर व प्रोपेलरचा पाय बाहेर. जागा वाचते, बोट चपळ वळते. पण इंजिन आणि पाय यांच्यामध्ये बोटीच्या पाठीला एक मोठं भोक असतं, आणि पाणी थोपवायला तिथे असतात रबराच्या घडीदार नळ्या, बेलोज. रबर म्हातारं होतं. बोट पाण्यात उभी असताना बेलोज फाटले तर ती धक्क्याला बांधल्या जागी बुडते, मालक घरी झोपलेला असतो. पाय पूर्ण वळवून आणि उचलून, घडीच्या आतपर्यंत विजेरी मारून, रबराला चिरा आहेत का ते बघा. बेलोज दर वर्षी तपासायचे आणि इंजिन बनवणाऱ्याने दिलेली मुदत झाली की फाटलेले नसले तरी बदलायचे. वळताना मागून घरघर ऐकू आली तर आतलं गिंबल बेअरिंग, म्हणजे इंजिनाकडून पायाकडे जाणाऱ्या दांड्याचं बेअरिंग, गेलेलं असण्याचा संभव मोठा. आणि गिअरऑइलचा खालचा स्क्रू ढिला करून चार थेंब बोटावर घ्या. दुधाळ निघालं तर सीलमधून पाणी शिरलंय.

माझं स्वतःचं मत विचाराल तर या आकाराच्या जुन्या बोटीला आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून लटकवायचं इंजिन, बरा. केबिनच्या मागे दिसायला बेढब दिसतो, मान्य. पण सगळं इंजिन बाहेर, उजेडात, दोन्ही बाजूंनी हात पोचेल असं. गोड्या पाण्याच्या नळीवर धुता येतं, पेट्रोलची वाफ सहसा उघड्यावर उडून जाते, आणि अगदीच गेलं तर अख्खं उतरवून दुसरं बसवता येतं. त्यात एक मेख आहे. इंजिनाचा सगळा भार ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर येतो, आणि जुन्या बोटींत फायबरच्या दोन थरांमध्ये बहुधा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून पाणी मुरून ते आतल्या आत कुजतं. इंजिन उचलून धरा, खालच्या टोकावर जोर देऊन वर-खाली हलवा आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी ट्रान्समकडे बघायला सांगा. भिंत लवली, बोल्टच्या कडेने पाणी पाझरलं किंवा फायबरला तडे दिसले, तर इंजिन कितीही नवं असो, चहा घेऊन परत या.

बाकीच्या सांगाड्याविषयी थोडक्यात. लेखात बुडावरच्या फोडांची, ऑस्मोसिसची, फार भीती घातलीय. जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून, पाणी मुरतं, आत रेझिनमधल्या घटकांशी मिळून आंबट वासाचा द्रव तयार होतो आणि फोड येतात. हे खरं आहे, आणि फोड जास्त असतील तर जेलकोट सोलून, धुऊन, बोट महिनोन् महिने वाळवून इपॉक्सीचे थर द्यावे लागतात, हेही खरं. पण चार-दोन फोडांनी बोट बुडाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. डेकमध्ये शिरलेलं पाणी जास्त घातक. तिथे वजन हलकं ठेवायला मध्ये बाल्साचं लाकूड किंवा प्लाय भरलेलं असतं, आणि रेलिंगच्या खांबाखाली, खिडकीच्या चौकटीशी, नांगराच्या कप्प्याच्या बिजागरीशी जिथे जिथे स्क्रू गेला तिथून ते भिजतं. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत चला. चांगल्या ठिकाणी टणक आवाज येतो, कुजलेल्या ठिकाणी बद्द. कान तयार व्हायला वेळ लागत नाही. केबिनला नवा रंग किंवा नवं अस्तर दिसलं तर तिथे दोनदा ठोका.

आता ते, जे कापू नका म्हटलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीतून गळलेली वाफ खालून निघून जाते. बोटीला खाली भोक नसतं, म्हणून ती बिल्जमध्ये साचते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्का झालं की एक ठिणगी पुरते. यासाठी इंजिनखान्यात ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर काढणारा पंखा, असतो. सुरू करण्याआधी तो किमान चार मिनिटं चालवायचा, आणि तरीही झाकण उघडून नाकाने वास घ्यायचा. इंधन भरल्यावर तर हे टाळायचंच नाही, आणि भरताना केबिनची दारं-खिडक्या बंद. जुन्या बोटींत मला सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट म्हणजे मोटारीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर. दिसायला सारखा, बसतो बरोबर, मिळतो स्वस्तात. पण बोटीसाठी बनवलेल्या भागाची ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू शकत नाही अशी त्याची बांधणी असते, मोटारीच्या भागाला ती नसते. भागावर बोटीसाठीची खूण किंवा नंबर आहे का, ते वाचून घ्या. वायरिंगचंही तेच: तांब्यावर कथलाचा मुलामा असलेली वायर, वायरीच्या टोकांना नीट दाबून बसवलेले लग, बॅटरीच्या जवळ फ्यूज. घरातली वायर आणि चिकटपट्टीचे गोळे दिसले तर अख्खं वायरिंग नवं करावं लागेल असं समजा.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. बोट सावकाश जात असताना, मागून वारा असताना, किंवा पुढच्या खिडक्या बंद आणि मागचा पडदा उघडा असताना बोटीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि स्वतःचाच धूर आत ओढला जातो. पेट्रोलचं इंजिन किंवा जनरेटर बॅटरी चार्ज करायला चालू ठेवून पोरांना आत झोपवणारे लोक मी पाहिलेत. डोकं दुखतं, मळमळतं, लोक म्हणतात बोट लागली. केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा आणि जुन्या बोटीतला असेल तर त्याची मुदत उलटलेली नाही ना, ते बघायला हवं. बटण दाबल्यावर वाजला म्हणजे आतला सेन्सर जिवंत आहे असं होत नाही.

बिल्जपंपाविषयी लेखात ‘स्वयंचलित पंप असल्याने निश्चिंत राहता येते’ असं वाक्य आहे. जरा हिशेब करू. पाण्याच्या पातळीखाली तीस सेंटिमीटरवर पंचवीस मिलिमीटरची एक नळी निखळली तर तासाला अडीच हजार लिटरच्या घरात पाणी आत येतं. छोट्या बोटीतल्या नेहमीच्या पंपावर तासाला १९०० लिटरच्या आसपासचा आकडा छापलेला असतो, आणि पाणी वर चढवून लांब नळीतून बाहेर फेकताना त्यातला निम्माच हाती लागला तर नवल नाही. बॅटरी संपेपर्यंत तो धडपडतो, बस. म्हणून नळी निखळू नये हे बघायचं: बुडाच्या प्रत्येक कॉकवर दोन क्लॅम्प, शेजारी भोक बुजवायला त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधलेली, आणि कॉक महिन्यातून एकदा उघड-बंद करून मोकळा ठेवलेला. कॉक पितळेचा असेल आणि खरवडल्यावर गुलाबी झाक दिसली तर त्यातलं जस्त निघून गेलंय. असा कॉक लाथेने तुटतो. तिथे ब्राँझचा बसवा.

ॲनोड म्हणजे बोटीच्या बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा धातूचा ठोकळा. त्याचं गणित सोपं असून लोक चुकतात. खाऱ्या पाण्यात जस्ताचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा, आणि दोन्हींत फिरणाऱ्या बोटीला ॲल्युमिनियमचा. निम्मा झिजला की बदलायचा. त्यावर रंग फासायचा नाही, नाहीतर तो काम करत नाही आणि त्याच्याऐवजी ड्राइव्हचा पाय झिजतो. अजिबात न झिजलेला जुना ॲनोड बघून खूश होणारे भेटतात. तो झिजला नाही म्हणजे जोडलेलाच नाही, किंवा चुकीच्या धातूचा आहे.

पैशाचं म्हणाल तर ‘बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दर वर्षी देखभालीला’ हा लेखातला आडाखा जुन्या बोटीला लावायचा तर नव्या बोटीच्या किमतीवर लावा. बोट जुनी झाली म्हणून रायझर, इम्पेलर आणि बेलोज जुन्या भावात मिळत नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होते ती याच हिशेबामुळे. याच कारणाने स्वतंत्र सर्व्हेअरची, म्हणजे बोट तपासून अहवाल देणाऱ्या जाणकाराची, फी वाचवू नका. सर्व्हेअर तुम्ही शोधा, विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला नको. बोट पाण्याबाहेर काढून बघायला सांगा. आणि सर्व्हेअर सांगाडा तपासतो, इंजिन बहुधा वरवर बघतो, म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजायला मेकॅनिक वेगळा न्या. सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर कारण सापडेपर्यंत पुढे बोलू नका.

ट्रेलर सोबत मिळत असेल तर चाकं फिरवून बेअरिंग ऐका. खाऱ्या पाण्यात बुडवलेली बेअरिंग रस्त्यात जाम होतात. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूचा चार आकडी कोड वाचा, टायर कधी बनला ते त्यात असतं: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

शेवटी कागदपत्रं, ज्यांचा लेखात उल्लेखच नाही. अमेरिकेत १९७२ च्या नोव्हेंबरपासून बांधलेल्या बोटींच्या ट्रान्समवर उजव्या अंगाला, वरच्या कडेशी, बारा अक्षरं-आकड्यांचा ओळख क्रमांक असतो. इतरत्र बांधलेल्या बऱ्याच बोटींवरही तशाच प्रकारचा क्रमांक त्याच जागी असतो, आणि पुष्कळ बोटींत त्याची दुसरी नोंद आत कुठेतरी दडवलेली असते. तो क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. इंजिनाचा क्रमांक वेगळा बघा, ट्रेलरचे कागद वेगळे बघा, आणि बोटीवर कुणाचं कर्ज बाकी नाही हे लेखी घ्या. क्रमांकाची जागा खरवडलेली किंवा नव्याने रंगवलेली असली, तर बयाणा देऊ नका.

आपला,
एक निवृत्त मरीन मेकॅनिक